चित्रकथेचे मूळ पान

गुंजवण्याहून चोरदरवाजाने राजगड चढणाऱ्या अनेकांच्या मनातला शिवकाळ बखरींतून नव्हे, 'अमर चित्र कथे'च्या चौकटींतून आलेला असतो. त्यातील 'शिवाजी'चे लेखक भा. रा. भागवत, चित्रकार प्रताप मुळीक. भागवतांवर आपण लिहितो. मुळीकांचे नाव साहित्यचर्चेत क्वचितच निघते.

'छापील अंक हीच कलाकृती, मूळ पान म्हणजे छपाईचा कच्चा माल', असे म्हटले जाते. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांसाठी पोथ्या धुंडाळणाऱ्यांनी तरी हा युक्तिवाद करू नये! पेन्सिलीची पुसट रेघ, पांढऱ्या रंगाखाली दडवलेली दुरुस्ती, वरून चिकटवलेला संवाद: चित्रकाराचा विचार तिथेच वाचता येतो, आणि छपाईत नेमका तोच बुजतो.

संग्राहकांशीही माझे भांडण आहे. २०२१ साली पॅरिसच्या लिलावात एर्जेचे, टिनटिनच्या 'ब्लू लोटस'साठी काढलेले मुखपृष्ठचित्र ३० लाख युरोंहून अधिक किमतीला गेले. ते निदान स्वतंत्र चित्र होते. कथेतली पाने मात्र सुटी विकणे म्हणजे पोथी फोडून विकणे. दिवाणखान्यातल्या चौकटीत जाण्याआधी ती सलग पाहायला मिळावीत, निदान त्यांची छायाचित्रे तरी, एवढी मागणी मराठी विभागांनी करायला काय हरकत आहे?