बेलोरा, शिवणी आणि वऱ्हाड

अमरावती व अकोला यांच्यामधील हवाई अंतर, बेलोऱ्याच्या विमानतळापासून शिवणीच्या विमानतळापर्यंत सरळ रेषेत मोजल्यास, सुमारे ७० किलोमीटर भरते. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या विमानास ते तोडावयास आठ-नऊ मिनिटे पुरतील. हा हिशेब अर्थातच कागदावरचा. विमानाने उंची गाठली न गाठली तोच त्यास उतरणीस लागावे लागेल. आणि प्रवाशास विमानतळावर जितका आधी जाऊन बसावे लागते, तितक्या वेळात एस. टी.तला मनुष्य मूर्तिजापूर गाठतो. या दोन शहरांमधील विमानप्रवास हा प्रश्नच नव्हे. दोघांनी मिळून मुंबई कशी गाठावी, हा खरा प्रश्न आहे.

शिवणीची धावपट्टी १९४३ सालची, म्हणजे महायुद्धाच्या काळातील. बेलोऱ्यास मात्र १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी विमानसेवा मिळाली. तेथील धावपट्टी त्यासाठी १,८५० मीटर करण्यात आली. आपल्याला डावलले गेले, असे अकोलेकरांस वाटले तर त्यात नवल नाही. शिवणीची धावपट्टी वाढविण्याचा प्रश्न कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी वर्षानुवर्षे अडून राहिला. शेतीवर संशोधन करणाऱ्या संस्थेची जमीन इतर सरकारी जमिनीप्रमाणे सहज उचलून देता येत नाही, हे शेतीप्रधान वऱ्हाडास तरी सांगावयास नको. तथापि तेवढ्याने अकोल्याची अडचण दूर होत नाही.

आमच्या मते, बेलोरा हा साऱ्या वऱ्हाडचा विमानतळ मानून व्यवस्था आखली पाहिजे. तो बडनेऱ्याच्या जवळ आहे आणि अकोला-बडनेरा हा तर मुंबई-हावडा लोहमार्गाचाच भाग. रस्त्याविषयी म्हणावे तर जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरांचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकून जागतिक विक्रम नोंदविण्यात आला. पाच दिवसांत एवढा रस्ता करणाऱ्यांना बडनेरा स्थानकावरून विमानाच्या वेळेस एक बस सोडणे जड जाऊ नये!

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. मुंबई-अमरावती उड्डाणास पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. अमरावती एक्स्प्रेसला सारी रात्र लागते. परंतु आरंभीचे विमान आठवड्यातून तीनच दिवस होते, आणि तेही सायंकाळी मुंबईस पोहोचणारे. रात्रीच्या गाडीने निघालेला मनुष्य सकाळी मुंबईत कामास हजर राहतो. त्या विमानाने जाणाऱ्यास मात्र एक रात्र मुंबईत काढल्यावाचून गत्यंतर नव्हते. मग वाचले ते काय? सकाळी जाऊन रात्री परतता येईल अशी रोजची फेरी, आणि तिला जोडून अकोल्याहून बडनेऱ्यामार्गे बेलोऱ्यापर्यंत एकाच तिकिटाची सोय, ही मागणी अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी एकत्र मांडावी. शिवणीचा विस्तार होईल तेव्हा होवो. बेलोऱ्याच्या बसला त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.