सहा कलदार, सात हाली

मुलांनो, गेल्या आठवड्यात आमच्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी रुमालाच्या गाठीत काहीतरी बांधून घेऊन आली. गाठ सोडली तर आत एक काळवंडलेलं नाणं! त्यावर राजाचा मुखवटा नव्हता, आपले तीन सिंहही नव्हते. होता तो चारमिनार.

"सर, खेळण्यातलं आहे का हो?" एकानं विचारलं.

छे! तो आपल्याच परभणीचा रुपया होता.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो ते तिथून सुटल्याचंच. त्या राज्याचं नाणं वेगळं होतं, आणि १९१८ पासून नोटाही वेगळ्या. नोटेवर उर्दूच्या जोडीला मराठी, तेलुगू आणि कानडीतही किंमत छापलेली असे. या पैशाला लोक म्हणत हाली, आणि कागदोपत्री लिहीत 'सिक्का उस्मानिया'. हाली म्हणजे सध्या चालतो तो. इंग्रजांच्या रुपयाला म्हणत कलदार. कल म्हणजे यंत्र, यंत्रावर पाडलेला तो कलदार. (पुढं निजामाचे रुपयेही यंत्रावरच पडू लागले, पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं.)

सिकंदराबादहून मनमाडला जाणारी रेल्वे १९०० साली सुरू झाली. परभणीला गाडीत बसायचं ते खिशात हाली घालून, आणि मनमाडला उतरून काही विकत घ्यायचं तर कलदार हवा. मग बदलायचा कसा? भाव ठरलेला होता, ६ कलदार बरोबर ७ हाली. म्हणजे १०० कलदाराला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. तेव्हा १२ पैंचा आणा आणि १६ आण्यांचा रुपया होता, हे ध्यानात ठेवा.

पण सहाला सातच का? आठ का नाहीत? याचं उत्तर चांदीत आहे. वही काढा. जुना हाली रुपया ११.१७८ ग्रॅमचा, त्यात हजार भागांत ८१८ भाग चांदी. कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात हजारात ९१७ भाग. गुणाकार केलात की हालीत निघते सुमारे ९.१४ ग्रॅम चांदी आणि कलदारात १०.६९. आता पहिलीला सातनं गुणा, दुसरीला सहानं. दोन्हीकडे ६४ ग्रॅमच्या आसपासच येतात की नाही? आमच्या वर्गात हे फळ्यावर निघालं तेव्हा मागच्या बाकावरच्यांनीसुद्धा माना उंचावल्या.

गंमत पुढंच आहे. दुसऱ्या महायुद्धात चांदी महागली. इंग्रजांनी रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, निजाम सरकारनंही तेच केलं. आता पुन्हा तोच हिशेब केला तर सहाला सात जमत नाही. तरी भाव तोच चालू राहिला, कारण आता तो चांदीवर नव्हता, सरकारनं दिलेल्या शब्दावर होता.

माझी आजी जिंतूर तालुक्यातल्या खेड्यात नांदायला आली. माहेर लोणारकडचं, वऱ्हाडातलं. वऱ्हाड नावापुरता निजामाचा, कारभार इंग्रजांचा, त्यामुळं तिथं कलदार चाले. भाऊबीजेला तिन्ही भाऊ ताटात एकेक कलदार टाकत. आजी म्हणायची, "माझ्या भावाचा रुपया इथं येऊन मोठा व्हायचा बाबा. वर दोन आणे आठ पै!"

याच वरच्या पैशांनी घरात भांडण लावलं. १९४७ साली आजोबांनी बैल घ्यायला आजीच्या थोरल्या भावाकडून शंभर रुपये घेतले होते. चिठ्ठीवर लिहिलं, 'रुपये शंभर मिळाले.' कोणते, ते लिहिलंच नाही. १९५० पासून भारत सरकारचा रुपया आपल्याकडंही चालू झाला होता, आणि हालीही चालतच होता. १९५२ साली आजोबांनी शंभर हाली परत नेऊन दिले. थोरले मामाआजोबा म्हणाले, "मी कलदार मोजले होते." आजोबा म्हणाले, "मला हालीच मिळाले." झालं! वर्षभर बोलणं बंद.

आमच्या वर्गातही दोन तट पडले. एक पोरगा म्हणाला, "सर, बैल कुठल्या बाजारातून घेतला ते सांगा, मग कळंल." वकील होईल हा पुढं! पण बैल कुठला, हे आजीलाही आठवत नव्हतं.

फरक सोळा रुपये दहा आणे आठ पै हालीचा. कलदारात चौदा रुपये, एक पावली आणि वर अर्ध्या आण्याहून थोडं जास्तच. आजीनं कोणाला न विचारता गाडग्यातले ओवाळणीचे चौदा कलदार काढले, पावली आणि आणा ठेवला, फडक्यात बांधून भावाकडं पाठवले. मामाआजोबांनी गाठ सोडलीच नाही. भाऊबीजेला आले आणि ते फडकं तसंच्या तसं ताटात ठेवलं.

हालीच्या नव्या नोटा आणि नाणी १९५१ सालीच थांबली होती. १९५९ पर्यंत राहिलेला हालीही चलनातून गेला. नोटा सांभाळून बसलेल्यांच्या हाती कागद राहिला. चांदीची नाणी मात्र सराफ वजनावर घेत राहिले, त्यामुळं कितीतरी चारमिनार आटवले गेले.

म्हणून त्या मुलीला नाणं घासून चकचकीत करू नको, असं बजावून सांगितलं. आणि चिठ्ठीचा वाद? वर्गात अजून मिटलेला नाही. मुलींचं मत मामाआजोबांकडं आहे, मुलांचं आजोबांकडं.