अर्धशिशी मशीनला विचारू नका

अर्धशिशीच्या माणसाचं दुखणं दुहेरी असतं. एक डोक्यातलं, दुसरं घरातलं. ‘पित्त झालंय, उलटी झाली की बरं वाटेल’, ‘मोबाइल कमी बघ’, ‘कामाच्या वेळीच बरं दुखतं!’ हे ऐकून ऐकून माणूस कंटाळतो आणि एखादा कागद हातात यावा म्हणून धडपडतो. स्कॅन स्वच्छ येतो, तसा तो बहुतेकांचा येतोच. मग कुठून तरी कळतं की मेंदू डोळ्यांना कसा प्रतिसाद देतो हे मोजायचीही तपासणी असते, आणि डॉक्टरांकडे तिचा आग्रह सुरू होतो.

माझं सांगणं एवढंच आहे, की अर्धशिशी सिद्ध करायला ही तपासणी मागू नका. मात्र संशोधनासाठी कुणी बोलावलं तर जरूर जा.

तपासणी साधी आहे. तिचं नाव व्हीईपी. डोक्याच्या मागच्या बाजूला पेस्ट लावून छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात, एक डोळा झाकतात आणि समोरच्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची अदलाबदल होत राहते. सुई नाही, शॉक नाही. प्रत्येक बदलानंतर साधारण 100 मिलिसेकंदांनी मेंदूच्या मागच्या भागातून एक लहर उठते. ती उशिरा आली तर डोळ्याच्या नसेला सूज आली होती का, असा संशय घेता येतो. दवाखान्यात ही तपासणी मुख्यतः त्यासाठीच असते.

अर्धशिशीशी तिचा संबंध वेगळ्या वाटेनं आला. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक थोड्या वेळानं ऐकू येईनाशी होते, तसा मेंदू त्याच त्या चौकोनांना सरावतो आणि लहर लहान होत जाते. बेल्जियममधल्या लिएजच्या शोनेन यांच्या गटानं 1995 मध्ये दाखवलं, की अर्धशिशीच्या रुग्णांमध्ये दोन झटक्यांच्या मधल्या काळात ती लहान होत नाही, उलट वाढते. झटका जवळ आला की मात्र हा फरक मावळतो, असंही पुढे दिसलं. फार सुंदर शोध होता. पण नॉर्वेतल्या ट्राँडहाइमच्या संशोधकांनी 2013 मध्ये, रुग्ण कोण आणि निरोगी कोण हे तपासणाऱ्याला न कळू देता मोजलं, तेव्हा त्यांना तो फरक सापडला नाही. वाद अजून मिटलेला नाही. अशा मोजमापावर एकट्या माणसाचं निदान ठरवता येत नाही.

निदान होतं ते तुमच्या सांगण्यावरून. औषध न घेतल्यास दुखणं 4 ते 72 तास टिकतं का, एका बाजूला ठणकतं का, जिना चढताना वाढतं का, मळमळ होते का, उजेड आणि आवाज नकोसे होतात का, आणि असं किमान पाच वेळा तरी झालंय का. म्हणून डायरी ठेवा. तारीख, किती तास, पाळीचे दिवस आणि कोणती गोळी घेतली, एवढं पुरे. गोळ्यांची नोंद तर टाळूच नका. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, असं काही महिने चाललं, तर त्या गोळीनंच डोकं दुखायला लागू शकतं.

क्षणात शिगेला पोचलेलं दुखणं, ताप आणि मान आखडणं, हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, यांत डायरी उघडत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा.

आता संशोधनाचं. बोलावणं आलं तर आधी विचारा, मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीचं नाव काय, पैसे द्यावे लागतील का (लागू नयेत), मधेच थांबता येईल का (आलंच पाहिजे). घरात कुणाला फेफरं येत असेल, स्वतःला कधी आलं असेल, तर ते आधीच सांगा. केस धुऊन जा, तेल अजिबात नको, नाहीतर इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत. चष्मा विसरू नका, कारण चौकोन धूसर दिसले की लहरही बिघडते. चौकोन बघून काहींना गरगरतं, म्हणून येताना सोबत कुणी असू द्या. ज्यांचं डोकं कधी दुखत नाही अशी माणसंही तुलनेसाठी लागतात, तेव्हा ‘तुझी नाटकं’ म्हणणाऱ्या नवऱ्याला किंवा जावेलाच घेऊन जा की!

आणि तपासणीनंतर दोन-तीन दिवसांत झटका आला, तर संशोधकांना फोन करून सांगा. झटक्याच्या तोंडावर घेतलेली नोंद त्यांना वेगळी काढावी लागते, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही.