परागंदा सभासदांचा प्रश्न

स्वयंसेवी संस्थेतून माणसे राजीनामा देऊन क्वचितच जातात. बहुधा ती नुसती येईनाशी होतात. वेतनच नसल्यामुळे त्यांच्या अनुपस्थितीची नोंद कोठल्याही हजेरीपटावर होत नाही, आणि यादीतले नाव मात्र वर्षानुवर्षे जागचे हलत नाही. साहित्यसंस्थांच्या आजीव सभासदांच्या याद्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना हे सांगावयास नको. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि त्याच मंडळींनिशी, त्याच खुर्च्यांवर पुन्हा भरते. संगणकप्रणाली रचणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रकल्पांत हा प्रश्न इतक्या सहज निभावत नाही; कारण तेथे सभासदाच्या हाती केवळ मत नसते, किल्लीही असते.

इयान मर्डॉक यांनी १९९३ साली आरंभिलेला डेबियन हा अशा प्रकल्पांपैकी एक अग्रगण्य प्रकल्प होय. त्याचे सुमारे हजार सभासद जगभर विखुरलेले आहेत. प्रत्येकाजवळ एक गुप्त अंकीय किल्ली असते; तिच्या स्वाक्षरीने आलेली भर प्रकल्पाच्या भांडारात स्वीकारली जाते आणि तेथून अगणित संगणकांवर पोहोचते. सभासद फिरकेनासा झाला की ही किल्ली एखाद्या जुन्या यंत्रात पडून राहते. ती चोरीस गेली तरी मालकाला त्याचा पत्ता लागेलच असे नाही. निष्क्रिय सभासदखात्याचे भय ते हेच.

या व्यवहाराची परिभाषा वाङ्मयाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्याजोगी आहे. हरवलेल्या सभासदांचा शोध घेणाऱ्या गटाला डेबियनमध्ये ‘रणात बेपत्ता’ अशा अर्थाचे लष्करी नाव आहे. हा गट प्रथम सौम्य पत्र धाडतो, मग स्मरणपत्र, मग अखेरची सूचना. सोडून दिलेल्या पॅकेजला ‘अनाथ’ म्हणतात आणि ते स्वीकारणारा ‘दत्तक’ घेतो. सन्मानाने बाहेर पडलेला सभासद ‘एमेरिटस’ ठरतो. हा लॅटिन शब्दही मुळात सेवा पुरी करून मोकळ्या झालेल्या रोमन सैनिकाचाच. म्हणजे ज्याने कोणाचीही चाकरी पत्करली नाही, त्याच्या जाण्याला शब्द मिळाले ते फौजेतून आणि अनाथालयातून! हे केवळ शब्दांचे कौतुक नव्हे. ‘बेपत्ता’ म्हटले की शोध आणि जाब ओघाने येतात.

मराठीपाशी याहून सूक्ष्म शब्द आहेत. जुन्या ग्रामव्यवस्थेत ज्याचे कूळच उरले नाही त्याची जमीन ‘गतकुळ’ ठरे; गाव सोडून गेलेला मिरासदार मात्र ‘परागंदा’ असे, आणि तो परतल्यास त्याचा मिरासीवरचा हक्क सामान्यतः मानला जाई. मध्यंतरी जमीन पडीक राहू नये म्हणून ती उपऱ्याकडून कसून घेतली जाई. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यातला अन्याय सर्वज्ञात आहे. परंतु जमीन कसणे आणि नाव राखणे या दोन गोष्टी तिने वेगळ्या ठेवल्या होत्या, आणि निष्क्रिय सभासदांविषयीच्या चर्चेत नेमका हाच भेद पुसला जातो.

नावे गाळण्याच्या बाजूने गणसंख्येचा दाखला नेहमी दिला जातो. डेबियनपुरता तो पोकळ आहे. तेथील घटनेनुसार सर्वसाधारण ठरावाची गणसंख्या सभासदसंख्येच्या वर्गमुळाच्या दीडपट असते. हजार सभासदांना ४८ मते लागतात. त्यांतले तीनशे गाळले तर ४०. आठ मतांसाठी तीनशे माणसांची नावे खोडावयाची काय?

शिवाय मौनामागचे कारण दुरून कळत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेली डेबियनची २.२ ही आवृत्ती अवघ्या एकविसाव्या वर्षी निवर्तलेल्या एका सहकाऱ्याला अर्पण केलेली आहे. तो बहुतेक काळ अंथरुणाला खिळून होता, हे प्रकल्पातील बहुतेकांना ठाऊकच नव्हते. आणि हालचाल म्हणजे विश्वासार्हता, असेही नाही. ‘एक्सझेड’ या लहानशा प्रणालीच्या थकलेल्या रचनाकाराला २०२२ साली काहींनी दिरंगाईबद्दल जाहीर बोल लावले. पुढे कामाचा भार ज्या उत्साही साहाय्यकाकडे गेला, त्यानेच तीत चोरवाट पेरली. ती मार्च २०२४ मध्ये उघडकीस आली तेव्हा डेबियनच्या चाचणी-आवृत्तीपर्यंत पोहोचलेली होती.

किल्लीबाबत मात्र भिडेस वाव नसावा. १ जानेवारी २०१५ पासून डेबियनने १०२४ बिटांच्या दुबळ्या किल्ल्या सरसकट रद्द केल्या. कोण सक्रिय आणि कोण नाही याची चौकशी झाली नाही, कोणाला स्पष्टीकरण मागितले गेले नाही. नवी किल्ली येईपर्यंत भर घालण्याची वाट बंद झाली. सभासदत्व कोणाचे गेले नाही. हाच प्रकार नियमित व्हावा. प्रत्येक किल्लीला ठरावीक मुदत असावी आणि मुदतीत नूतनीकरण न झाल्यास ती आपोआप बंद पडावी. त्यासाठी पत्रांवर पत्रे धाडण्याचे काम दुसऱ्या बिनपगारी माणसाच्या गळ्यात पडू नये. नाव मात्र सभासदाने स्वतः सांगितल्याखेरीज वा त्याच्या निधनाची खात्री झाल्याखेरीज यादीतून निघू नये. परतणाऱ्याला नव्या उमेदवाराची परीक्षा नको, ओळख पटली की पुरे. त्याने सोडलेले पॅकेज, त्याची वाट न पाहता, मागेल त्या जाणत्या सभासदाला लगेच देण्यास कसलीच हरकत नसावी.