खोक्यावरचा आकडा आणि फ्यूजवरचा आकडा

विद्यार्थी मित्रांनो, मोटारगाडीतला ॲम्प्लिफायर घरी आणून त्यावर गाणी ऐकावीत, ही कल्पना काही नवी नाही. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई हे गाव घ्या. मिरचीच्या बाजारासाठी ते ओळखले जाते. अशा बाजाराच्या गावी टेम्पो, पिकअप आणि ट्रॅक्टर यांची वर्दळ असायचीच. आणि जेथे गाड्या आहेत, तेथे त्यांतून काढलेले जुने टेप, स्पीकर आणि ॲम्प्लिफायरही कोणाच्या तरी हाती लागतात. मग वाटते, हा आपल्या खोलीत का वाजवू नये? अवश्य वाजवावा. पण तार जोडण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा, असे माझे म्हणणे आहे. प्रश्न साधाच आहे : याला लागणारी शक्ती येणार कोठून?

बाजारात मिरचीच्या गोणीवर खडूने काहीही लिहिलेले असो, व्यापारी पैसे मोजतो ते काट्यावर भरलेल्या वजनाचे. ॲम्प्लिफायरच्या बाबतीत मात्र आपण गोणीवरच्या खडूवर विश्वास ठेवतो. खोक्यावर ‘1000 वॅट’ असे ठळक छापलेले असते आणि आपण ते खरे मानतो. त्यापुढे ‘पीएमपीओ’ अशी अक्षरे असतील, तर तो आकडा कसा मोजावा याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही, हे लक्षात ठेवा. मग काटा कोठे आहे? तो ॲम्प्लिफायरलाच लावलेला असतो. त्याचे नाव फ्यूज.

गाडीच्या ॲम्प्लिफायरच्या कडेला पात्याच्या आकाराचा एक रंगीत फ्यूज बसवलेला दिसेल. लाल असेल तर तो 10 ॲम्पिअरचा, निळा 15 चा, पिवळा 20 चा आणि हिरवा 30 चा. समजा, तुमच्या ॲम्प्लिफायरवर एकच लाल फ्यूज आहे. गाडीची बॅटरी 12 व्होल्टची. शक्ती म्हणजे विद्युतदाब गुणिले विद्युतप्रवाह, हे तुम्ही शिकला आहात. 12 गुणिले 10 म्हणजे 120 वॅट. गाडी चालू असताना दाब 14 व्होल्टच्या आसपास जातो, म्हणजे फार तर 140 वॅट. हा ॲम्प्लिफायर सतत याहून अधिक शक्ती आत घेऊच शकत नाही, कारण घेऊ लागला तर फ्यूज वितळेल. जुन्या पद्धतीच्या ॲम्प्लिफायरमध्ये आत आलेल्या शक्तीपैकी भर आवाजातही साधारण निम्मीच स्पीकरपर्यंत पोचते. उरलेली उष्णता होऊन त्याच्या धातूच्या फासळ्यांवाटे निघून जाते. म्हणजे हाती आले 60-70 वॅट. नव्या, ‘क्लास डी’ पद्धतीच्या ॲम्प्लिफायरमध्ये हा वाटा पाऊणहून अधिक असतो. पण 120 वॅट घेऊन 1000 वॅट देणारे यंत्र कोणी बनवले असेल, तर त्याने गाणी वाजवत न बसता गावाला वीज पुरवावी! ऊर्जा निर्माण करता येत नाही, हा नियम खोके छापणाऱ्यालाही लागू आहे.

आता घरातल्या पुरवठ्याकडे वळू. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची आणि सेकंदाला 50 वेळा आवर्तन पूर्ण करणारी. ॲम्प्लिफायरला हवी 12 व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी. पहिला मार्ग रोहित्राचा, म्हणजे ट्रान्स्फॉर्मरचा. रोहित्र दाब उतरवते, डायोड प्रवाहाला एकाच दिशेने वळवतात आणि मोठे धारित्र, म्हणजे कपॅसिटर, दाबातले चढउतार भरून काढते. येथेही हिशेब आहेच. 5 ॲम्पिअर प्रवाह काढताना 10,000 मायक्रोफॅरडचे धारित्रसुद्धा पुरत नाही. दोन भरतींच्या मधल्या शंभरांश सेकंदात दाब चार-पाच व्होल्टनी खाली येतो. स्पीकरमधून येणारी ती ‘हूं…’ अशी गुणगुण म्हणजे या चढउताराचाच आवाज असतो.

दुसरा मार्ग बॅटरीचा. बॅटरीवर गुणगुण मुळीच नसते, पण ट्रॅक्टरची बॅटरी उपसून रात्रभर गाणी ऐकलीत, तर सकाळी ट्रॅक्टर सुरू होणार नाही आणि बॅटरीचे आयुष्यही घटेल. शिवाय शिशाची बॅटरी भारित होताना हायड्रोजन वायू सोडते, म्हणून बंद खोलीत ती भारित करू नये. तिची दोन टोके चुकून पान्याने जोडली गेली, तर शेकडो ॲम्पिअरचा प्रवाह वाहतो आणि पाना लाल होतो.

तिसरा मार्ग तयार, पूर्ण बंद अशा ॲडॅप्टरचा. तुमच्यासाठी मी हाच सुचवीन. भारतीय मानक ब्यूरोची खूण पाहून 12 व्होल्ट, 5 किंवा 10 ॲम्पिअरचा घ्या. सेट-टॉप बॉक्सचा 2 ॲम्पिअरचा ॲडॅप्टर लावलात, तर आवाज वाढवताच प्रत्येक ठेक्याला ॲम्प्लिफायर बंद पडेल. 24 वॅटमधून 60 वॅट कसे निघतील? जोडताना धन आणि ऋण टोके नीट पाहा. ‘रिमोट’ असे लिहिलेल्या टोकालाही धन टोकापासून एक छोटी तार द्यावी लागते, नाहीतर ॲम्प्लिफायर जागाच होत नाही. जुन्या संगणकाचा वीजपुरवठा, किंवा एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा उघड्या स्क्रूंचा जाळीदार डबा हेही 12 व्होल्ट देतात. पण त्यांच्या आत 300 व्होल्टहून अधिक दाबाने भारित होणारी धारित्रे असतात आणि त्या स्क्रूंपैकी दोन थेट 230 व्होल्टचे असतात. तेथे विद्यार्थ्याचा हात जाता कामा नये. या बाबतीत हौस, सवय, ‘काही होत नाही’ ही वाक्ये चालणार नाहीत.

तुम्ही म्हणाल, 12 व्होल्टची तर भीती नाही? अंगाला धक्का बसत नाही हे खरे, पण आगीची भीती आहे, आणि तिचे कारण गणितात आहे. 120 वॅट शक्ती 230 व्होल्टने न्यायची तर सुमारे अर्धा ॲम्पिअर प्रवाह पुरतो. 12 व्होल्टने न्यायची तर 10 ॲम्पिअर लागतात. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून त्याच तारेत 12 व्होल्टच्या बाजूला सुमारे 367 पट उष्णता होते! घंटीच्या बारीक तारेवर ॲम्प्लिफायर चालवणारा आणि फ्यूज उडाला म्हणून त्या जागी तांब्याची तार गुंडाळणारा, हे दोघेही आपल्या घराला काडी लावत असतात. तार जाड आणि आखूड ठेवा. फ्यूज आहे त्याच आकड्याचा घाला.

आणि एवढी शक्ती हवी तरी कशाला? आपला कान मोठा विलक्षण आहे. शक्ती दहापट केली तर आवाज त्याला साधारण दुप्पटच वाटतो. घरातल्या खोलीत एक-दोन वॅटवर गाणे छान ऐकू येते. 10 वॅट म्हणजे शेजारी दार ठोठावणार. 1000 वॅटचा हव्यास हा कानाचा नव्हे, खोक्याचा आहे.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. मुले असली खटपट करू लागली, की आपण तिला ‘रिकामे उद्योग’ म्हणून बाजूला सारतो. माझे मत उलट आहे. दहावीच्या पुस्तकातला ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा पाठ या एका ॲम्प्लिफायरवर जवळजवळ सगळा शिकवता येईल. विज्ञान प्रदर्शनात तो ठेवायचा, तर नुसते गाणे वाजवून दाखवू नका. शेजारी एक तक्ता लावा : खोक्यावरचे वॅट किती, फ्यूजवरून निघालेले किती, आणि मल्टिमीटरने मोजलेला प्रवाह किती. हे मोजमाप शिक्षकांनी स्वतः जवळ उभे राहून करून घ्यावे. आपण मज्जाव केला तर मुले हाच प्रयोग माळ्यावर, एकटीने, घंटीच्या तारेवर करतील. म्हणून तो शाळेच्या टेबलावर व्हावा हे बरे.

मित्रांनो, हा तक्ता एकदा स्वतः भरलात, की इन्व्हर्टर, पंप, सौर दिवा, कोणत्याही खोक्यावरचा आकडा तुम्ही नुसता वाचणार नाही. तो काट्यावर घालून पाहाल.