पानावर जाऊ नका!

शनिवारची संध्याकाळ. सुपरमार्केटमध्ये डिटर्जंटच्या रॅकपुढे ट्रॉली आडवी लावून आम्ही दोघं उभे. बायकोच्या हातात हिरव्या पानाची बाटली. रोजच्यापेक्षा ४० रुपयांनी महाग.

"घेऊया रे. इको-फ्रेण्डली आहे."

"कशावरून?"

"अरे, पान आहे ना त्यावर!"

बाटली उलटीपालटी करून वाचली. 'नेचर' होतं, 'प्युअर' होतं, 'केअर' तर दोनदा होतं. पण हे कुणी तपासलं, कशात तपासलं, याबद्दल अक्षर नाही. म्हणजे ते पान कंपनीच्याच डिझायनरनं काढलेलं. सुंदर काढलंय, वाद नाही. पण ४० रुपये आपण पर्यावरणाचे देतोय की त्या डिझायनरचे?

आता गंमत ऐका. असं पान खरं की खोटं हे सांगणारं सरकारी चिन्ह आपल्याकडे १९९१ च्या फेब्रुवारीपासून आहे. नाव 'इकोमार्क', चिन्ह मातीचं मडकं. मातीचं, घडवायला ऊर्जा कमी, घातक कचरा नाही, म्हणून मडकं. (भट्टीतल्या लाकडांचं काय, हे तेव्हा कुणी विचारलं नसावं!) साबण, कागद, रंग, बॅटऱ्या, कापड, चामडं, सगळ्यांसाठी निकष. आणि निकष वरवरचे नाहीत. कच्चा माल कुठून आला इथपासून वस्तू फेकल्यावर तिचं काय होतं इथपर्यंत सगळा हिशेब. डिटर्जंटमधल्या फॉस्फेटचंच घ्या. आपलं धुण्याचं पाणी मुळा-मुठेत किंवा पवनेत जातं आणि त्यातलं फॉस्फेट खाऊन जलपर्णी माजते. पुलावरून ते हिरवं मैदान तुम्हीही बघितलं असेल. पान बघायचं तर ते बघा!

मग हे मडकं तुम्ही कधी पाहिलंय? मीही नाही. ज्या मोजक्या कंपन्यांनी ते घेतलं, त्यांत ठळक म्हणजे कागदवाले. बाकीच्यांनी का घ्यावं, हाच खरा प्रश्न. चिन्ह मंत्रालयाचं, निकष ठरवणारी तांत्रिक समिती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची, तपासणी आणि परवाना बीआयएसचा. आधी दर्जाची परीक्षा, मग पर्यावरणाची. वर फी, चाचण्यांचा खर्च. एवढं करून बाटलीवर मडकं छापलं, तर गिऱ्हाईक विचारणार, "हे काय, माठ फ्री आहे का?" त्यापेक्षा पान स्वस्त. पानाला कुणी परीक्षा घेत नाही.

लेबल आपल्याकडे चालतच नाही, असंही नाही. खाण्याच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका २००१ मध्ये आला. आज माझी आई चष्मा न लावता तो शोधते. फ्रिज-एसीचे स्टार २००६ मध्ये आले. सुरुवातीला ऐच्छिक होते, २०१० पासून एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजला सक्तीचे झाले आणि दुकानदारच 'फाइव्ह स्टार घ्या साहेब' म्हणायला लागले. शिवाय निकष मधूनमधून कडक होतात. जुलै २०२२ मध्ये एसीचे कोष्टक बदललं आणि कालचा फाइव्ह स्टार आज फोर स्टार झाला. कंपनीला झोप नको, म्हणून हे हवंच.

मडक्याला यातलं काहीच मिळालं नाही. ना सक्ती, ना जाहिरात, ना वरचेवर नवा पेपर.

आता सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये जुनी योजना मोडीत काढून नवे इकोमार्क नियम आणलेत. कारभार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, बीआयएस सोबतीला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानंही बजावलं, की 'ग्रीन', 'इको-फ्रेण्डली' असले ढोबळ शब्द वापरायचे असतील तर नेमकं काय ते सांगा आणि पुरावा द्या. दोन्ही उत्तम. पण इकोमार्क अजूनही ऐच्छिकच आहे, आणि माझी भीती तिथंच आहे. ऐच्छिकचा अनुभव आपण तीस वर्षं घेतलाय की राव!

सगळ्यावर सक्ती करा असं मी म्हणत नाही. छोटा उद्योजक मरेल. पण जो पान छापतो, त्याच्यावर करा ना! पर्यावरणाच्या नावानं जादा पैसे मागायचेत? मग इकोमार्क आण, नाहीतर पान पूस. छोट्यांची चाचणीची फी सरकारनं भरावी. आणि नुसतं पास-नापास नको, एसीसारखे स्टार द्या; म्हणजे दोन बाटल्या शेजारी ठेवून तुलना करता येईल.

दुसरं, गिऱ्हाईक तयार करा. ते म्हणजे तुम्ही-आम्ही नव्हे. आपण महिन्याला एक बाटली घेणार. जर्मनीत 'ब्ल्यू एंजल' हे चिन्ह १९७८ पासून आहे. तिथल्या सरकारी कचेऱ्या आणि विद्यापीठं रिसायकल्ड कागद घेताना ते बघतात. ट्रकभर ऑर्डर असली की कंपनी आपोआप रांगेत येते. आपल्या मंत्रालयापासून तलाठ्यापर्यंत किती रिमं लागत असतील, विचार करा. आणि आपली ऑफिसं? प्रिंटरचा कागद, हॅण्डवॉश, फरशीचं लिक्विड, सगळं घाऊकच येतं.

म्हणून सोमवारी आमच्या ॲडमिनच्या साहेबांना जाऊन विचारलं, "सर, कागदाची पुढची ऑर्डर देताना इकोमार्क मागाल का? ते मडकं असतं ना..."

साहेबांनी स्क्रीनवरून मान वर केली. "मडकं कशाला? वॉटर प्युरिफायरची सर्व्हिसिंग कालच झालीय."

बसलो मग समोरच्या खुर्चीत. पाऊण तास लागला, पण त्यांनी कोटेशनच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवलाय. बाटली मात्र त्या शनिवारी आम्ही बिनपानाची घेतली. वाचलेल्या ४० रुपयांत दोन वडापाव आले.