मधला वेळ

काशीयात्रेस गेलेल्या मराठी कुटुंबाच्या कार्यक्रमात रामनगरच्या वाट्यास बहुधा अर्धा दिवस येतो. गंगेच्या पूर्वतीरावर, घाटांच्या समोर पण किंचित दक्षिणेस, काशीनरेशांचा किल्ला उभा आहे. १७५० च्या सुमारास राजा बलवंत सिंह यांनी तो चुनारच्या दगडात बांधविला. तेथील संग्रहालयात जुन्या मोटारी, पालख्या, हस्तिदंती वस्तू आणि शस्त्रे पाहायची, बाहेर येऊन कुल्हडातील मलईदार लस्सी घ्यायची आणि सायंकाळच्या गंगाआरतीस परत फिरायचे, असा हा शिरस्ता आहे. मुले मोटारी पाहून हरखतात, तलवारींपुढे थबकतात आणि तेवढ्यात पालकांचे घड्याळाकडे लक्ष जाते. लहान मुले असलेल्या कुटुंबाने रामनगरला जे खरोखर पाहावे, ते मात्र या संग्रहालयात नाही. ते वर्षातून एक महिना गावाच्या मोकळ्या मैदानांत, तलावांच्या काठी आणि रस्त्यांवर असते.

रामनगरची रामलीला भाद्रपदातील अनंत चतुर्दशीपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे सुमारे एकतीस दिवस चालते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराजा उदित नारायण सिंह यांच्या काळात तिने हे रूप धारण केले आणि पुढील राजांनी ते जोपासले. २००८ मध्ये रामलीलेच्या परंपरेचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला. रामनगरच्या रामलीलेला रंगमंच नाही. सारे गावच तिचा रंगमंच आहे. अयोध्या एका ठिकाणी, जनकपूर दुसऱ्या ठिकाणी, पंचवटी आणखी पुढे, तर लंका गावाच्या टोकाच्या विस्तीर्ण मैदानात. दुर्गामंदिराच्या तलावाला त्या दिवसांत क्षीरसागराची योग्यता येते. विजेचे दिवे नाहीत, ध्वनिक्षेपक नाहीत, छायाचित्रणास अनुमती नाही. मशाली आणि पेट्रोमॅक्सच्या प्रकाशात रामायणी मंडळी तुलसीदासांचे रामचरितमानस गातात, मध्येच ‘चुप रहो! सावधान!’ असा पुकारा होतो आणि हजारोंचा समुदाय संवाद ऐकण्यासाठी कान टवकारतो.

या सोहळ्याविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. अनुराधा कपूर यांचा त्यावरील इंग्रजी ग्रंथ १९९० मध्ये प्रसिद्ध झाला, त्याआधीही परदेशी अभ्यासक तेथे महिनाभर ठाण मांडून बसलेले आहेत. तथापि मुलांच्या संगोपनाच्या दृष्टीने त्यात एक गोष्ट आहे, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ती म्हणजे या लीलेतील मधला वेळ.

लीला सायंकाळी पाचच्या सुमारास सुरू होते. सूर्यास्त होताच महाराज संध्येसाठी उठतात आणि सर्व काही थांबते. नट थांबतात, गायक थांबतात, प्रेक्षक पांगतात. सुमारे तासभर काहीही घडत नाही. घरून आणलेला डबा उघडला जातो, कोणी चाटच्या गाडीकडे वळते, कोणी गवतावर चादर पसरून पाठ टेकते. मुले अंधारात एकमेकांना वानर आणि राक्षस करून धावत सुटतात. याखेरीज प्रसंगाचे स्थळ बदलले की संपूर्ण समुदाय उठून चालू लागतो. धूळ, मशालींचा धूर, आजोबांच्या बोटाला धरलेला नातू, वडिलांच्या खांद्यावर पेंगणारी धाकटी, असे ते चालणे. याच वेळी प्रश्न विचारले जातात. कैकेयी वाईट होती का? हनुमान रात्री कोठे झोपतो? रावणाला दहा तोंडे, मग जेवतो कोणत्या तोंडाने? ध्वनिक्षेपक नसल्याने दूर बसलेल्या मुलाला संवाद ऐकू येत नाहीत. मग घरातील वडीलधारे माणूस कानाशी लागून कथा सांगते, आणि सांगताना थोडीशी आपली भरही घालते. मुलापर्यंत रामकथा पोचते ती अशी, घरच्या आवाजातून.

त्या मुलाला मोठेपणी काय आठवेल? धनुर्भंगाचा क्षण कदाचित आठवेलही. परंतु अधिक संभव असा की, आजोबांच्या खांद्यावरील उपरण्याचा वास, चादरीखाली टोचणारे गवत आणि काहीच घडत नसतानाचा तो तास आठवेल. बालपणीच्या आठवणी सांगताना मराठी माणूसही वाढदिवसाच्या समारंभाने आरंभ करीत नाही. तो मधल्या वेळच्या खाण्याने करतो. शाळेतून आल्यावर मिळणारे दडपे पोहे, उन्हाळ्यात गच्चीवर पापड राखत बसलेली दुपार, एस. टी. स्थानकावर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहताना वडिलांनी शिकविलेले बोटांवरचे पाढे. यातील एकाही प्रसंगी कोणी मुलासाठी मुद्दाम काही योजलेले नव्हते. मोठी माणसे आपल्या कामात होती, फक्त जवळ होती.

‘थोडा वेळ द्या, पण दर्जेदार द्या’ हा नोकरदार पालकांना दिला जाणारा लोकप्रिय सल्ला म्हणूनच तपासून घेण्यासारखा आहे. त्यात दिलासा आहे, म्हणून तो लोकप्रिय आहे. आठवडाभर मूल झोपल्यावर घरी येणारा अधिकारी रविवारी त्याला मॉलमध्ये नेतो, खेळणे घेऊन देतो, आईस्क्रीम खाऊ घालतो आणि हिशेब जुळला असे मानतो. परंतु मूल ठरलेल्या वेळी बोलत नाही. वर्गातील मुलाने चिडविले, हे ते शनिवारी अकरा वाजता विचारून कळत नाही; मंगळवारी रात्री कांदा चिरता चिरता, तिसऱ्याच गोष्टीवरून कळते. दर्जा आधी ठरवून वेळ देता येत नाही. पुष्कळसा साधा वेळ असेल, तर त्यातील एखादी घटका आपोआप मोलाची ठरते. बँकेतील माणसांना हे समजणे अवघड नसावे. आवर्ती ठेवीचे हप्ते चुकवून मुदतीच्या शेवटी एकरकमी भरणा करू म्हटले, तर ते खाते चालत नाही.

बदलीची नोकरी असलेल्या घरांत हा प्रश्न अधिक बोचरा होतो. पदोन्नतीबरोबर परप्रांत येतो. मुलाची शाळा, पत्नीची अथवा पतीची नोकरी, वृद्ध आईवडील यांमुळे कुटुंब मूळ गावीच राहते. तीन वर्षांचे मूल सोडून गेलेला अधिकारी परततो तेव्हा ते सहा वर्षांचे झालेले असते आणि त्याला आपल्या आवडीनिवडी नव्याने सांगाव्या लागतात. रोजच्या दूरध्वनीवर ‘जेवलास का, अभ्यास केलास का’ एवढेच बोलणे उरते, कारण दूरध्वनीला मधला वेळ नसतो. शांतता पसरली की कोणीतरी तो ठेवून देतो. मग रजा प्रवास सवलत घेऊन आठ दिवसांत चार स्थळे पाहण्याचा घाट घातला जातो. छायाचित्रे भरपूर निघतात. मुलाला लक्षात राहते ते रात्री उशिरा आलेली आगगाडी आणि फलाटावर बाबांच्या मांडीवर डोके ठेवून काढलेली झोप.

रामनगरच्याच एका घराचा येथे उल्लेख करावयास हवा. लालबहादूर शास्त्री यांचे वडिलोपार्जित घर रामनगरला आहे. २०१८ मध्ये ते संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुले झाले. शास्त्रीजी दीड वर्षाचे असताना वडील गेले आणि आई रामदुलारी देवींनी मुलांसह माहेरचा आसरा घेतला. मामाआजोबांच्या, आजोबांच्या छायेत ते वाढले. नावेचे पैसे नसल्याने हा मुलगा गंगा पोहून पार करीत असे, ही गोष्ट उत्तरेत आजही सांगितली जाते. पुढे स्वातंत्र्यलढ्यात त्यांची सुमारे सात वर्षे तुरुंगात गेली. म्हणजे पित्याचा दुरावा त्यांनी मुलगा म्हणून सोसला आणि पिता म्हणून तो आपल्या मुलांनाही सोसावयास लावला. तरीही त्या मुलांनी पुढे सांगितलेल्या आठवणींत कडवटपणा आढळत नाही. ती टांग्याने शाळेत जात. सरकारी मोटार घरच्या कामासाठी नेहमी वापरण्यास वडिलांची अनुमती नव्हती.

ते पंतप्रधान झाल्यावर, १९६४ मध्ये, घरात स्वतःची मोटार असावी असा मुलांचा आग्रह झाला. फियाटची किंमत बारा हजार रुपये आणि खात्यात शिल्लक सात हजार. उरलेल्या पाच हजारांसाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज घेतले. ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ते कर्ज शिल्लक होते, आणि ललिता देवींनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ही कथा बँकवर्तुळात प्रामाणिकपणाचा आदर्श म्हणून सांगितली जाते व ते योग्यच आहे. परंतु तिच्याकडे घरगुती नजरेने पाहावे. देशाच्या पंतप्रधानाला मुलांचा हट्ट ऐकावयास, खात्यातील शिल्लक त्यांच्यासमोर मांडावयास आणि पैसे कमी पडतात हे सांगावयास वेळ होता. मुलांच्या मनात मोटार राहिली ती या संभाषणासकट. आज वाहनकर्ज काही तासांत मंजूर होते. मुलांना मोटार दारात उभी राहिल्यावरच कळते, किंमत कधीच कळत नाही.

मराठीत याची साक्ष काढावयाची तर साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आहेच. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते पुस्तक लिहिले गेले. स्नानानंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो आणि आई पदर पसरते, हा त्यातील प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या पुस्तकाला कोणी भाबडे म्हणो, त्यातील आई मुलाशी बोलते ती रोजच्या कामांच्या मधल्या फटीत, हे विसरता येत नाही.

येथे एक अप्रिय गोष्टही नोंदविली पाहिजे. घरातील हा मधला वेळ आजवर स्त्रियांनी पुरविला. पुरुषांच्या रम्य बालस्मृतींमागे एखादी आई, आजी किंवा आत्या दिवसभर स्वयंपाकघरात उभी होती. आज तीच स्त्री रोखपालाच्या खिडकीत बसते, शाखा सांभाळते आणि सायंकाळी घरी येऊन कुकर लावते. तिने मुलांना पूर्वीच्या आईइतकाच वेळ द्यावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. कांदा चिरणारे दुसरे हात घरात असतील, तरच मंगळवारचे ते संभाषण होईल. रामनगरच्या मैदानात मूल खांद्यावर घेऊन मैलभर चालणारे बाप आणि आजोबा संख्येने कमी नसतात, ही गोष्ट तेथून आवर्जून घेण्यासारखी आहे. सर्वच गोष्टी तशा नव्हेत. राम, सीता आणि तिघे बंधू ही पाच स्वरूपे अद्याप ब्राह्मण कुटुंबांतील, आवाज न फुटलेल्या मुलग्यांनाच मिळतात. सीतेचे कामही मुलगाच करतो. लीलेपूर्वी काही आठवडे व्यासांच्या देखरेखीखाली त्यांची तालीम चालते, लीलेच्या महिन्यात ती घरापासून दूर एकत्र राहतात आणि मुकुट चढल्यावर त्यांना खांद्यावरून नेले जाते. सत्तर वर्षांचा वृद्ध दहा वर्षांच्या मुलापुढे हात जोडून उभा राहतो, हे दृश्य हृद्य आहे. ते हात जोडण्याचे भाग्य केवळ त्या पाच मुलांनाच का, असा विचारही मनात येतो.

बँककर्मचाऱ्यांना सप्टेंबर २०१५ पासून महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा मिळू लागला. ही सुट्टी मिळविताना घरच्यांसाठी वेळ हे एक कारण पुढे केले जात होते. त्या शनिवारांचे काय झाले, हे प्रत्येक घराने आपले आपण पाहावे. बऱ्याच घरांत ते क्लास, वाणसामान आणि राहिलेली कामे यांत जिरले. उरलेला भाग व्हॉट्सॲपवरील शाखेच्या गटाने घेतला. रात्री नऊ वाजता ठेवींचे आकडे मागणारा संदेश आला की समोर बसलेले मूल अर्ध्यातच थांबते आणि थोड्या दिवसांनी सांगण्यास सुरुवातच करीत नाही. असे संदेश पाठविणाऱ्या वरिष्ठांच्या घरीही मुले असतात. रात्री आठनंतर आकडे मागू नयेत, एवढा नियम एखाद्या विभागीय कार्यालयाने स्वतःपुरता केला, तरी व्यवसायात काही घट येणार नाही. तो आकडा सकाळी दहा वाजताही तेवढाच असतो.

यंदा शरद ऋतूत काशीस जाण्याचा बेत असलेल्या कुटुंबांनी रामनगरसाठी अर्ध्या दिवसाऐवजी दोन-तीन सायंकाळी राखून ठेवाव्यात. २०१७ मध्ये सामनेघाटाचा पूल खुला झाल्यापासून वाराणसीहून जाणे सोपे झाले आहे. बरोबर एक चादर, पाण्याची बाटली, विजेरी आणि घरचा काही खाऊ असावा. त्या सायंकाळची लीला कोठे आहे, हे गावात कोणासही विचारावे. रस्ता सांगणारा बहुधा बरोबरच चालू लागतो. मुले लहान असतील तर लंकेच्या मैदानातील युद्धापेक्षा आधीचे दिवस बरे, गर्दी बेताची असते. संध्येसाठी लीला थांबली की उठून जाऊ नये. तेथेच चादरीवर बसून राहावे.